डावा हात काढ

“डावा हात काढ, भावा. लई गिचमिड व्हाय लागलंय.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर पाच पोरं सराव करतात. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकीला थर्माकोल लावलंय, तरी खालच्या मशीनची घरघर जमिनीतून तळपायात चढतेच. गेल्या पावसाळ्यात तिथं गिटारवाल्यानं कीबोर्डवाल्याला हे वाक्य सुनावलं. भांडण वगैरे काही नव्हतं. कीबोर्डवाल्यानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं, डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. गाणं पुन्हा सुरू झालं आणि खरंच, खोलीतली जळमटं झाडून काढावीत तसं सगळं मोकळं ऐकू यायला लागलं. बेस वेगळा, गिटार वेगळी, कीबोर्डचे वरचे सूर वेगळे. गिटारवाला खूश. पण मांडीवरच्या त्या हाताची बोटं गाणं संपेपर्यंत पँटवर हलत होती. वाजत नव्हती आणि थांबतही नव्हती. ती बोटं काही केल्या डोक्यातून जात नाहीत.

पोरगं मूळचं पेटीवर शिकलेलं आहे. पेटीवाल्याच्या डाव्या हाताला सुरांचं काम नसतंच, त्याचं काम भात्याचं. जास्त जोर लावला की सूर अंगावर येतो, हात सैल पडला की लांबवलेला षड्ज, म्हणजे सा, शेवटी मान टाकतो. गाणाऱ्याचा दम कुठं संपणार हे ओळखून भाता मारणं ही अर्धी साथ असते, पण टाळ्या उजव्या हातालाच मिळतात. पुढं पोरगं पियानोकडं वळलं आणि पंचवीस वर्षं भाता ओढणाऱ्या घरातल्या त्या डाव्या हाताला पहिल्यांदा सूर मिळाले. ते फुकट नाही मिळत. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी स्वतंत्रपणे उठायला लागायलाच वर्ष-दीड वर्ष जातं. एवढं करून झाल्यावर जॅझ शिकवणारा सांगतो, की षड्ज वाजवू नकोस, तो बेसवाल्याचा. आणि मग रॉकवाला येतो आणि म्हणतो, हातच काढ.

गिटारवाल्याचं चुकलं होतं का? अजिबात नाही. त्यामागं साधा हिशेब आहे. एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डचा सगळ्यात खालचा सूर पासष्ट हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पासष्ट कंपनांच्या, आसपास असतो. गिटारची सगळ्यात जाड तार ब्याऐंशीला वाजते, बेसची एक्केचाळीसला. म्हणजे कीबोर्डची डावीकडची दीड-दोन सप्तकं ही आधीच दोघांनी भाड्यानं घेतलेली खोली. त्यात तिसऱ्यानं खाट टाकली की पाय ठेवायला जागा उरत नाही. शिवाय खाली जवळजवळचे सूर एकमेकांना सहन करत नाहीत. पेटीवाले सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या डावीकडून एक, दोन अशा मोजतात; त्यातल्या पांढरी एकच्या सा आणि गची जोडी खालच्या सप्तकात घेतली, तर एकाची कंपनं १३१ आणि दुसऱ्याची १६५. फरक चौतीसचा, आणि तेवढा फरक कानाला खरखर म्हणून ऐकू येतो. तीच जोडी दोन सप्तकं वर नेली की फरक होतो १३६ आणि तोच कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, गोड लागतो. बोटं तीच, नातं तेच, फक्त मजला बदलला.

त्यात रॉकची गिटार डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या यंत्रातून येते, हा निराळाच मामला. डिस्टॉर्शन सुरांची नुसती बेरीज करत नाही, त्यांच्यातून नवे सूर जन्माला घालतं. पांढरी सहाचा सा ११० आणि त्याचा पंचम १६५ असे दोन सूर एकत्र भाजले, तर त्यांच्या फरकातून ५५ निघतो, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा सा. म्हणून नुसता सा-प वाजवणारी गिटार एवढी भक्कम वाटते, तिच्या पायाखाली न वाजवलेला सा उभा असतो. आता त्यात गंधार, म्हणजे ग, घाला. आपल्या कीबोर्डवरचा गंधार शुद्ध गणितापेक्षा जरा चढा असतो, १३८.६ च्या आसपास. फरक निघतो २८.६, आणि हा सूर धड सा नाही धड कोमल रिषभ नाही. कॉर्ड भरघोस करायला गेलं की चिखल होतो तो असा. रॉकवाल्या पोरांना हे गणित येत नसतं, पण कानाला कळतं. “घाण वाजतंय” या दोन शब्दांत ते सगळं सांगून मोकळे होतात.

जॅझवाल्याची बोटं याच गंधाराभोवती वाढलेली असतात, आणि गंमत तिथंच आहे. जॅझच्या पियानोत डाव्या हाताचा किमान संसार म्हणजे गंधार आणि कोमल निषाद. सा बेसकडं, पंचम असला काय नसला काय. या दोन सुरांनी कॉर्डचा चेहरा कळतो. पांढरी सहाचे ग आणि कोमल नि धरून दोन्ही बोटं एकेक पट्टी खाली सरकवली, की पांढरी दोनचा कॉर्ड तयार. पहिल्याचा गंधार सरकून दुसऱ्याचा निषाद होतो आणि निषादाचा गंधार. हाताला फारसं हलावं लागत नाही आणि गाणं मात्र पूर्ण घर बदलतं. ज्यानं हे सुख चाखलंय त्याला गंधार टाकून द्यायला सांगणं म्हणजे तांबडा-पांढरा बाजूला सारून नुसती भाकरी खा म्हणण्यासारखं.

तरीही काही जण दोन्ही घरांत जेवले. त्यात पियानोवादक माईक गार्सनइतका लांबचा पल्ला फार थोड्यांचा.

ब्रुकलिनमध्ये १९४५ साली जन्मलेला हा माणूस, न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये मुरलेला. १९७२ मध्ये इंग्लंडचा रॉक गायक डेव्हिड बोवी अमेरिकेच्या पहिल्या मोठ्या दौऱ्यावर निघाला होता आणि त्याला पियानोवाला हवा होता. ॲनेट पीकॉक या गायिकेनं गार्सनचं नाव सुचवलं. बोवी कोण हे गार्सनला धड माहीतही नव्हतं. बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन यानं समोर ‘चेंजेस’ची सुरावट ठेवली, गार्सननं काही सेकंद वाजवलं आणि काम झालं. रॉन्सन स्वतः पियानो वाजवायचा, त्यामुळं समोरच्याच्या हातात काय आहे ते त्याला पहिल्या ओळीतच दिसलं असणार. काम ठरलं आठ आठवड्यांचं. ते मधल्या मोठ्या खंडासकट २००६ मध्ये बोवी मंचावर शेवटचं गायला तोवर पुरलं.

पण गार्सनचं नाव निघालं की लोक एकाच ठिकाणी येऊन थांबतात. १९७३ चा जानेवारी, लंडनचा ट्रायडंट स्टुडिओ, ‘अलॅडिन सेन’ हे शीर्षकगीत. मधल्या पियानोच्या जागेखाली दोनच कॉर्ड, आपल्या भाषेत पांढरी सहा आणि पांढरी पाच. बाकी मंडळी तेवढंच घोळवत राहतात. गार्सननं आधी ब्लूजच्या अंगानं वाजवलं. बोवी नको म्हणाला. मग लॅटिन ढंगानं वाजवलं. तेही नको. मग बोवीनं सांगितलं, की साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रयोगवाल्यांत तू जे वाजवायचास म्हणालास ना, ते वाजव. आणि मग एका दमात जे वाजलं तेच रेकॉर्डवर आहे.

ऐकलं नसेल तर ऐका, पण रात्री घरचे झोपल्यावर नको. शेजारपाजारच्या पट्ट्या एकदम दाबल्यासारखे सुरांचे घोस, मधेच काचेचं भांडं जिन्यावरून गडगडत गेल्यासारखी तान, मग एखादा ओळखीचा तुकडा डोकं वर काढतो आणि लगेच बुडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, मांजर चाललंय पट्ट्यांवरून. दहाव्यांदा ऐकताना कळतं, की हा माणूस एकदाही तालातून सुटलेला नाही. इथं त्या दोन कॉर्डचं महत्त्व. खाली बेस आणि ड्रम जात्याच्या खुंट्यासारखे गच्च रोवलेले असतात म्हणूनच वरची पाळी एवढी फिरू शकते. खाली आठ कॉर्डची वळणावळणाची चाल असती, तर वर हे असलं काही वाजवताच आलं नसतं, कारण कानाला धरायला काठच उरला नसता. जॅझवाल्यानं रॉकमध्ये काय न्यावं, तर स्वतःची सगळी गिचमिड न्यावी, पण ती ठेवायला कुणीतरी साधा, रुंद, पक्का ओटा बांधून दिलेला असावा. आणि तिसऱ्या खेपेला “हे नाही, ते वाजव” म्हणणारा माणूस समोर असावा. गिटारवाले पहिली अट पुष्कळदा पूर्ण करतात. दुसरीचं काय ते सांगता येत नाही.

तालाचंही एक आहे. जॅझच्या चालीत एका मात्रेचे मनातल्या मनात तीन भाग पडलेले असतात आणि दुसरा ठोका तिसऱ्या भागावर पडतो. लय मध्यम असेल तर ही लचक स्पष्ट असते, लय वाढत गेली की ती हळूहळू सपाट होते. रॉकचा ठोका मुळातच सरळ, मात्रेचे दोन समान भाग. जॅझचा हात घेऊन रॉकमध्ये आलेल्याची पहिली चूक इथं होते. तो नकळत लचकतो, ड्रमवाला लचकत नाही, आणि हायहॅट (ड्रममधल्या जोडझांजा) नि पियानो यांच्यात एक बारीक फट पडते. मिरवणुकांतल्या बेंजो पार्टीत वाजवलेल्या पोरांना ही अडचण फारशी येत नाही, असं एक निरीक्षण. महाद्वार रोडवर सहा तास सरळ केरवा वाजवला की मात्रा हाडात बसते. उलट त्यांना लचक शिकवायला घाम फुटतो.

आणि जोर. रॉकमध्ये आवाज वाढतो, स्वतःचं ऐकू येईनासं होतं आणि पियानोवाला पट्ट्या हाणायला लागतो. खऱ्या पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तार वाजण्याआधीच, दीड-दोन मिलिमीटर अलीकडं, हातोडी यंत्रणेतून सुटलेली असते आणि पुढचा प्रवास ती एकटी करते. म्हणजे आवाज ठरतो तो फक्त हातोडी किती वेगानं निघाली यावर. पट्टी तळाला टेकल्यावर दिलेला सगळा जोर लाकडात जातो आणि तिथून परत मनगटात येतो. दोन तास असं वाजवलं की कोपरापासून करंगळीपर्यंत कळ मारते, आणि आवाज काडीचाही वाढलेला नसतो. जुने वाजवणारे पट्टी मारल्या मारल्या हात सैल सोडतात, तापलेल्या तव्याला बोट लागल्यासारखा. हे शिकवून येत नाही असं म्हणतात. येतं, पण आधी मॉनिटर, म्हणजे आपलं आपल्याला ऐकवणारा स्पीकर, स्वतःकडं नीट वळवून घ्यावा लागतो. निम्मी मनगटं त्या एका कामाच्या आळसानं दुखतात.

माडीवरच्या खोलीत तर आणखी बारक्या भानगडी. कीबोर्डच्या मागं आवाज बाहेर काढायला दोन भोकं असतात, डावं आणि उजवं. पियानोचा आवाज दोन्हीकडं थोडा थोडा वेगळा भरलेला असतो. मिक्सरवर दोन्ही एकत्र करून एकाच स्पीकरला सोडले, की काही सूर एकमेकांना खातात आणि पियानो डब्यात बसून वाजल्यासारखा पोकळ होतो. अशा वेळी एकच वायर डाव्या भोकात घालायची, जिथं मोनो लिहिलेलं असतं. सूर लांबवणाऱ्या सस्टेनच्या पेडलवर पाय ठेवून कीबोर्ड चालू केला, तर बऱ्याच यंत्रांत ते उलटं चालतं. पाय उचलला की सूर लांबतात, दाबला की तुटतात, आणि अर्धा तास सगळे वायरला शिव्या घालतात. बंद करून, पाय काढून, पुन्हा चालू केलं की झालं. मिक्सरवर पियानोचा खालचा भाग दीडशेच्या आसपास कापून टाकला असता, तर कदाचित डाव्या हातावर हद्दपारीची वेळच आली नसती. पण मिक्सर गिटारवाल्याच्या काकांचा आहे.

गार्सनची पुढची वाट सरळ नाही. सत्तरच्या मध्यापर्यंत तो बोवीच्या एकामागोमाग एक रेकॉर्डवर आहे, ‘यंग अमेरिकन्स’पर्यंत. मग बोवी दुसरीकडं गेला आणि हा जॅझ, शास्त्रीय आणि शिकवणं यात परतला. मधली सतरा-अठरा वर्षं रॉकच्या बाजूनं बघितलं तर कोरी दिसतात, पियानोच्या बाजूनं बघितलं तर भरलेली. १९९३ पासून पुन्हा बोवी. त्याच दशकाच्या शेवटी स्मॅशिंग पम्पकिन्सबरोबर दौरा, आणि १९९९ मध्ये नाईन इंच नेल्सच्या ‘द फ्रॅजाइल’वर पियानो. ही दोन्ही नावं गिटारच्या भिंती बांधणाऱ्यांची. त्यांनी हाताशी असलेल्या शेकडो सरळ वाजवणाऱ्यांना सोडून याला का बोलावलं? कारण त्यांना सरळ वाजवणारा नकोच होता. आयुष्यभर याला रॉकवाल्यांनी बोलावलं ते परका म्हणून, आणि पगारही बहुधा त्या परकेपणाचाच. यात मान आहे आणि थोडं दुखणंही आहे. हजारो रात्री वाजवलेल्या माणसाला लोक १९७३ मधल्या दोनेक मिनिटांवरून ओळखतात. जॅझवाला तीच वाट पुन्हा धरत नाही, आणि समोरच्या खुर्च्यांतल्या लोकांना तर रेकॉर्डवरच्याच काचा त्याच जिन्यावरून पडलेल्या ऐकायच्या असतात. २०१६ च्या जानेवारीत बोवी गेला. त्यानंतर गार्सन जुन्या सोबत्यांना घेऊन तीच गाणी गावोगाव वाजवत हिंडला.

कोल्हापूरच्या माणसाला यात पेटीवाले गोविंदराव टेंबे दिसल्याशिवाय राहत नाहीत. गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसलेली ती बोटं १९११ मध्ये ‘मानापमान’ला चाली द्यायला गेली, आणि जाताना पूरबच्या ठुमऱ्या बरोबर घेऊन गेली. तोवरच्या नाटकातल्या पदांच्या कानाला हा मजकूर नवा होता. १९३२ मध्ये ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त संगीतही त्यांचंच आणि हरिश्चंद्रही तेच. बैठकीतल्या शुद्धवाद्यांना नाटक हलकं वाटायचं, नाटकवाल्यांना सिनेमा. टेंबे तिन्ही घरांत पेटी घेऊनच गेले. आणि ज्या पेटीवर हे सगळं उभं होतं तिला रेडिओनं १९४० मध्ये दारातच अडवलं. तिच्यात मींड, म्हणजे सुरातून सुरात घसरत जाणं, नाही, तिचे सूर आपले नाहीत, वगैरे. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली, तोवर टेंबे जाऊन सोळा वर्षं झाली होती. एका घरात वाढलेला हात दुसऱ्या घरात गेला की कुणीतरी ‘हात काढ’ म्हणणार, हे आपल्याकडं काही नवं नाही. फरक एवढाच, की कोल्हापुरातल्या देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकीत ते शब्द जरा सभ्य असतील.

माडीवरच्या पोरांचं नवं गाणंही नेमकं दोन कॉर्डचं निघालं, पांढरी सहा आणि पांढरी पाच. मुद्दाम की योगायोगानं, विचारलं तर हसतात. त्या खोलीत एक फुकटचा साथीदार आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळं खालच्या मोटारी आणि वरचा ॲम्प शंभरच्या आसपास घुमत असतात. कीबोर्डची खालची पांढरी पाच अठ्ठ्याण्णवला आहे. म्हणजे विजेची घरघर पांढरी पाचपेक्षा किंचित चढी. ती पट्टी हळू दाबून धरली तर दोघांच्या मध्ये सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे, फक्त जरा घाईचे.

परवा गाण्याच्या शेवटी गिटारवाल्यानं डिस्टॉर्शनचं पेडल बंद केलं, गिटार दोन कॉर्डवर कोरडी सोडली आणि मान हलवून खूण केली. आता तुझं. पोरानं उजव्या हातानं वर जे काही सुरू केलं ते सांगण्यात अर्थ नाही, निम्मं फसलं. पण डावा हात मांडीवरून उठला, सगळ्यात खाली गेला, पांढरी पाच शोधली आणि नुसती धरून ठेवली. बाकी काही नाही. भात्यावर हात ठेवावा तसा. कॉर्ड सहावर गेला तरी पाचच धरलेला. खालून घरघर येत होती आणि तो सूर तिच्यावर हेलकावे घेत होता. बेसवाल्यानं डोळे मोठे केले, पण थांबला नाही.

संपल्यावर गिटारवाला थोडा वेळ वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, “परत एकदा घेऊया. ते खालचं पाच जरा हळू.”